दहाच्या पटीतला काटा

९ जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तपासण्यांचा निकाल हातात आला. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण दोघंही बरं आहे, बरं आहे एवढंच म्हणत बसतो. कागदावर मला तुझ्याशी खोटं बोलता येत नाही.

रक्त जुळलं. बाकीचंही सगळं जुळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सख्ख्या भावंडांतसुद्धा इतकं जुळत नाही. माझ्या दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत, त्यातली एक तुला चालेल. एवढं सांगून त्या थांबल्या आणि मला काट्यावर उभं केलं. एकशे अठरा भरलो. पंच्याण्णवच्या आत आल्याशिवाय तुमच्या अंगाला सुरी लावणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. एवढ्या देहाला भूल देण्यात धोका, आणि पुढं उरलेल्या एकाच किडनीनं हा डोलारा ओढायचा, तो वेगळा.

पाच वर्षांपूर्वी मी तीस किलो उतरवले होते ते तुला आठवत असेल. मालकांनी कौतुकानं माझे आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो वजनकाट्याच्या केबिनीत लावले होते. ते अजून तिथंच आहेत. तेव्हा गेलेलं सगळं व्याजासकट परत आलं. गाडीवाले म्हणतात, काटेवाल्यांचे फोटो उलटसुलट लागलेत, कुणीतरी सरळ करा रे.

या वेळी तसं होणार नाही. देवापुढं उभा राहून नेम घेतलाय. साखर नाही, भात नाही, पाव नाही, तळलेलं नाही. पहाटे उठून चालणं. एक घास जरी इकडचा तिकडे झाला तरी नेम मोडला असं समजायचं. आपल्या गुरुजींची रीत आठवते ना, एक अक्षर चुकलं की सगळी पाटी पुसून पहिल्यापासून. तसं.

घरात काटा नाही. मागच्या वेळी वजन परत चढू लागलं तेव्हा मीच तो भंगारात देऊन टाकला. औषधाच्या दुकानातला पोऱ्या आकडा मोठ्यानं वाचतो, तिथं जायची लाज वाटते. म्हणून मी आमच्याच काट्यावर उभा राहणार आहे, जिथं दिवसभर खडीच्या आणि वाळूच्या गाड्या तोलतो त्यावर. तो दहाच्या पटीतच बोलतो. एकशे वीस, एकशे दहा, शंभर. मधलं काही असेल तर जवळच्या दहाला नेऊन टेकवतो. गाडीला चार किलोचं काय कौतुक? मलाही ती चिल्लर नकोच. दहा गेले तर गेले, नाहीतर नाही.

भेटायला ये म्हणून भाऊजींचा निरोप मिळाला. ताई, आत्ता नाही. मागच्या खेपेला तुझ्या मशीनच्या खोलीतल्या त्या हाताच्या खुर्चीत मी अडकलो आणि दोन सिस्टरनी मला ओढून काढलं, ते अख्ख्या खोलीनं पाहिलं. आता येईन तो किडनी घेऊनच येईन. हात हलवत येणार नाही.

कळावे. माया आहे तेवढी असू द्यावी, तिला पथ्य नाही.

तुझा,
भोपळ्या


२१ जानेवारी

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

मशीनवर पडून लिहितेय. डावा हात सुयांना दिलाय, उजवा तुला. अक्षर वाकडं आलं तर आपल्या गुरुजींना सांगू नकोस.

निकाल वाचून आनंद झाला हे खरं. भाऊजींनी दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं. त्यांचं रक्त जुळलं नाही याची त्यांना फार खंत आहे. मी म्हटलं, आपलं जन्मभर कशातच जुळलं नाही, रक्तानं तरी का जुळावं. चिमणी माझी मी देते म्हणून हटून बसली होती. पोटात पाचवा महिना आणि निघाली आईला किडनी द्यायला. तिला असं फैलावर घेतलं की शेजारच्या खाटेवरचे पोस्टमास्तर झोपेतून दचकून उठले. म्हणजे उरलास तू. पण उरलास म्हणून तू देणं लागतोस असं नाही, हे नीट वाच.

तुझ्या नेमाचं मात्र दोनदा वाचलं. तुझे नेम मी लहानपणापासून बघतेय. रोज पहाटे उठून अभ्यास करीन म्हणाला होतास. एके दिवशी डोळा लागला, तर त्या दिवसापासून पहाट तर सोडलीसच, शाळेलाही दांड्या मारायला लागलास. आईनं मारलं तेव्हा म्हणालास, नेम मोडला, आता काय उपयोग. तू काचेच्या भांड्यासारखं वागतोस. तडा गेला की स्वतःच आपटून फोडतोस.

इथं आमचंही वजनच चालतं. लघवी होत नाही, प्यालेलं पाणी अंगातच साठतं. दोन दिवसांत दोन-अडीच किलो चढतात. मशीन चार तास पिळून ते उतरवतं. परवा आले की परत चढलेले. सिस्टर आकडा लिहितात आणि सुई लावतात. परत चढलं म्हणून कुणी आम्हाला हरलात म्हणत नाही. चढलं तर उतरवायचं, एवढंच काम.

आणि ती खुर्ची. तू अडकलास तेव्हा मी वर्षभरात पहिल्यांदा पोट धरून हसले होते. तुला ती लाज वाटली, मला ते औषध होतं. पोस्टमास्तर अजून विचारतात, तुमचे बंधू परत कधी येणार. मला दानशूर नकोय रे, भाऊ हवाय. हात हलवत ये.

कळावे. लोभ जड झाला तरी उतरवू नये.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज काट्यावर उभा राहिलो आणि आकडा एकशे दहा आला. दहा गेले. तू म्हणशील इतक्या लवकर कसे, तर नेम तसाच कडक आहे. उकडलेल्या भाज्या, पातळ डाळ, दोन अंडी. गेल्या आठवड्यात केबिनीची पायरी चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली, पण खिडकीचा गज धरला. ही ताटापाशी बसून नुसती बघते. काल म्हणाली, तुमच्याबरोबर जेवायला बसायचं म्हणजे सुतकाच्या घरी बसल्यासारखं वाटतं. माझ्या साडूच्या घरी वाढदिवस होता, गेलो नाही. केकचा वाससुद्धा नको.

चालताना देवाशी बोलतो. फार काही मागत नाही. मोडू देऊ नकोस, एवढंच. उन्हाळ्यापर्यंत पंच्याण्णव नक्की. तुझ्या डॉक्टरांना बेलाशक सांग. तेव्हाच येईन.

कळावे. आशीर्वाद तोलूनमापून देऊ नये.

तुझा,
भोपळ्या


२ मार्च

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

सांगितलं. डॉक्टरांना, सिस्टरना, पोस्टमास्तरांना, झाडूवालीला, सगळ्यांना. डॉक्टर म्हणाले, या वेगानं उतरले तर उन्हाळ्याअखेर तारीख धरू. माझ्या हृदयाचा फोटो काढला, तो आत्ता चांगला आहे. पण या मशीनवर हृदय फार काळ तसं राहत नाही, म्हणून लवकर व्हावं, असंही म्हणाले. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. तू विचारशील आणि भाऊजी लपवतील, म्हणून मीच लिहिलं.

एक सांगू? त्या औषधवाल्या पोऱ्याच्या काट्यावर एकदा चढ. मोठ्यानं वाचेल तर वाचू दे. तुमच्या गाड्यांच्या काट्याचा मला भरवसा वाटत नाही. जो चार किलोला किंमत देत नाही तो माणसाला काय देणार?

आणि अंधारी येईल इतकं उपाशी राहू नकोस. भावजयीच्या ताटात जेव. वाढदिवसाला जा, केकचा तुकडा खा, दुसऱ्या दिवशी परत डाळ. हे तुला जमलं तर मी किडनी मिळाल्यापेक्षा जास्त खूष होईन. खोटं वाटतं? थोडं खोटं आहे, पण बरंचसं खरं आहे.

कळावे. लोभ वाढवावा, वजन नव्हे.

तुझी,
ताई


२८ मे

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही याचं कारण तू ओळखलं असशील.

फेब्रुवारीत आकडा एकशे दहा झाला, तो पुढं हललाच नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. नेम एका घासानंही मोडला नव्हता. पाय दुखेस्तोवर चाललो. दर सोमवारी सकाळी, पहिली गाडी यायच्या आत, काट्यावर जाऊन उभा राहायचो आणि पलीकडं केबिनीच्या काचेतून आकडा बघायचो. एकशे दहा. डोळे मिटून देवाचं नाव घेऊन परत बघायचो. एकशे दहा. मला वाटायला लागलं की तो आकडा माझ्याकडे बघून गप्प बसलाय.

मग या महिन्यात आमच्या यार्डातले म्हातारे फिटर कामावरून निवृत्त झाले. तीस वर्षं शेजारी काम केलेला माणूस. त्यांनी स्वतःच्या हातानं केकचा तुकडा माझ्या तोंडाशी आणला. नाही म्हणता आलं नाही. एक तुकडा, ताई. तो गिळला आणि आत काहीतरी खाली बसलं. वाटलं, गेलं, पाटी पुसली. मग दुसरा घेतला. घरी जाताना बेकरीतून पाव घेतले आणि रस्त्यात उभ्यानं खाल्ले. तिथून पुढं पंधरवडाभर मी जे मिळेल ते खात होतो. भूक नव्हती. भूक असती तर समजलं असतं. चालणं बंद, पहाट बंद. देवापुढं उभं राहायचीही लाज वाटून तेही बंद.

परवा उभा राहिलो तर तोच आकडा. चार महिने पाळलं तरी एकशे दहा आणि पंधरा दिवस तोडलं तरी एकशे दहा. म्हणजे मी काय करतो याला देवाच्या लेखी काही अर्थच नाही.

तू डॉक्टरांना सांग, दुसरं कुणीतरी बघा म्हणावं. मी आयुष्यात पूर्ण असं काहीच केलं नाही आणि हेही होणार नाही. भेटायला ये म्हणू नकोस. हे तोंड घेऊन मी त्या खोलीत येऊ शकत नाही.

कळावे. लोभाला पात्र नाही, तरी मागतो.

भोपळ्या


४ जून

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

पोस्टमास्तर गेले. गेल्या गुरुवारी खाट रिकामी होती. सिस्टरनी चादर बदलली आणि दुपारच्या पाळीला तिथं एक शाळामास्तरीण आली. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं मी कुठल्या खोलीत बसून लिहितेय ते तुला कळेल.

मला दिवसाला किती पाणी आहे ठाऊक आहे? औषधांसकट एक तांब्या. या उन्हाळ्यात. तोंडात बर्फाचा खडा धरते आणि तो विरघळतो तेव्हा रडू येतं. एप्रिलमध्ये एका दुपारी मला राहवलं नाही. भाऊजी बाहेर गेलेले होते. उठले, माठाशी गेले आणि पेलाभर पाणी गटागट प्याले. जास्तीचं. पिऊन झाल्यावर मीही तिथं उभी होते, तुझ्यासारखी. पण भोपळ्या, एक पेला जास्त झाला म्हणून मी माठ तोंडाला लावला नाही. लावला असता तर बुडाले असते, घरातल्या घरात, उभ्या उभ्या. पेला पालथा घातला आणि संध्याकाळचं पाणी कमी केलं. दुसऱ्या दिवशी सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं, आज थोडं जास्त काढू.

तुझं केकनं काही बिघडवलं नाही. केकनंतर तू माठ तोंडाला लावलास, ते बिघडलं.

आता त्या आकड्याचं. तूच एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, मला लिहिलं होतंस की तुमच्याकडे वर्षातून एकदा वजनमापांचे तपासणी अधिकारी येतात. काट्यावर गाडी उभी, आकडा ठाम. मग ते गाडीशेजारी एकेक किलोची वजनं ठेवत जातात, आकडा पुढच्या दहावर उडी मारेपर्यंत. किती वजनं लागली त्यावरून त्यांना कळतं की त्या आकड्याआड खरं वजन काय दडलंय. केवढं कौतुकानं लिहिलं होतंस. वजनं तुमच्याच कपाटात असतात असंही होतं त्यात. गाडीसाठी जे करतोस ते स्वतःसाठी करायला तुझ्या हातांना काय झालंय?

मोजून मला लिही. चांगलं निघालं तरी लिही, वाईट निघालं तरी लिही. डॉक्टरांना मी काहीही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. दुसरं कुणी नाही, भोपळ्या. पण तू दिली नाहीस तरी तू माझा भाऊच राहशील, आणि ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. यातलं एकच धरून बसू नकोस.

कळावे. पात्रतेचं मी बघते, तू लोभ घे.

तुझी,
ताई


२६ जुलै

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. मग एका सकाळी कपाटाची किल्ली काढली. एक किलोची वजनं पिशवीत घातली आणि काट्यावर जाऊन उभा राहिलो. आकडा एकशे दहा. एक वजन पायाशी ठेवलं. एकशे दहा. दुसरं, तिसरं. तेवढ्यात वाळूची गाडी फाटकात आली आणि गाडीवाला खाली उतरून बघत राहिला. काटेवाले, गाडी भरलेली तोलताय की रिकामी, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, अर्धी. चौथं, पाचवं. सहावं ठेवलं आणि आकडा एकशे वीस झाला.

आमचा काटा एकशे पंधराला उडी मारतो. म्हणजे मी एकशे नऊ होतो. पंधरवडाभर बेकरी रिकामी करूनसुद्धा एकशे नऊ. जानेवारीत एकशे अठरा होतो. आणि फेब्रुवारीत ज्याला मी दहा गेले म्हटलं ते साडेतीन-चारच होते, एकशे पंधराची वेस ओलांडली म्हणून आकडा खाली आला. माझी बढाईही खोटी आणि माझी हारही खोटी. केक खाल्ला त्या दिवशी मी किती होतो ते आता देवालाच ठाऊक, पण आणखी एखाददोन किलो उतरलो असतो तर आकडा शंभरावर पडला असता असं वाटतं. मी दारातून परत फिरलो, ताई. दार उघडायलाच आलं होतं.

त्या गाडीवाल्यासमोर मी काट्यावर उकिडवा बसलो. तो बिचारा पाणी आणायला धावला.

तेव्हापासून दर सोमवारी वजनं घेऊन उभा राहतो. नेम म्हणून काही ठेवलेलं नाही. हिच्याबरोबर जेवतो. थोडा भात घेतो. चुकतं. गेल्या महिन्यात एका लग्नात भरपेट जेवलो, आणि परत येताना पाय आपोआप बेकरीकडं वळले. दारापर्यंत गेलो. आत गेलो नाही असं लिहिलं असतं तर छान वाटलं असतं, पण गेलो आणि दोन पाव घेतले. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे चाललो. हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. कालचा हरलेला माणूस आज चालायला निघाला.

चालताना असं वाटलं की इतकी वर्षं मी देवाला गुरुजी समजत आलो. हातात ओलं फडकं घेऊन बसलेला, चूक झाली की पुसायला. तसा तो नसावा. असता तर मला कधीच पुसून टाकलं असतं.

आज आकडा शंभर. उडी मारायला एकच वजन लागलं, म्हणजे एकशे चार. नऊ आणखी. सावकाश होतंय. तू दम धर. पंच्याण्णव झालं की लगेच येतो.

कळावे. एकेक किलोचा का होईना, लोभ असावा.

तुझा,
भोपळ्या


३० ऑक्टोबर

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

हे पत्र चिमणी लिहितेय, मी सांगतेय. बाळाला मांडीवर घेऊन लिहितेय, तेव्हा डाग पडले तर ते त्याचे.

मला सप्टेंबरात ताप आला. सुईच्या जागेतून काहीतरी रक्तात शिरलं आणि हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलं. पाच आठवडे दवाखान्यात होते. तुला कळवू नका असं मीच सांगितलं होतं, भाऊजींवर चिडू नकोस. ताप गेला, पण झडप खराब करून गेला. डॉक्टरांनी काल खाटेशी बसून सांगितलं की आता हे हृदय मोठी शस्त्रक्रिया सोसणार नाही. आज नाही आणि पुढंही नाही. मशीन चालू राहील, जितकं शरीर साथ देईल तितकं. मी विचारलं, वर्ष? त्यांनी चष्मा पुसला.

तेव्हा भोपळ्या, तुझी किडनी आता मला नको. तुझ्याजवळच ठेव.

तू पुढं काय विचारणार ते मला माहीत आहे, म्हणून मीही डॉक्टरांना तेच विचारलं. उन्हाळ्याअखेर झालं असतं तर काय झालं असतं? ते म्हणाले, तेव्हा हृदय चांगलं होतं, बहुतेक झालं असतं. खोटं सांगून तुझं समाधान करण्याएवढे दिवस माझ्याजवळ नाहीत, आणि कागदावर आपण खोटं बोलत नाही. त्या मे महिन्यानं आपलं काही नेलं असेल, नसेलही. तू एका दिवसाची सुटी न घेता उतरला असतास तरी वेळेत पोचला असतास का, हे कुणालाच सांगता येणार नाही. ते ओझं मी तुझ्या पाठीवरून काढू शकत नाही. पण ते ओझं घेऊन तू बेकरीत शिरलास तर मात्र मी तुला माफ करणार नाही. मे महिना गेला तर गेला. त्यापायी उरलेली सगळी वर्षं फेकून देऊ नकोस.

तुला वाटेल, आता कुणासाठी उतरवायचं. मला ठाऊक नाही. माझ्यासाठी सुरू केलंस, आता माझ्याशिवाय चालू ठेवून बघ.

चिमणीचा हात दुखला. बाळ तुझ्यासारखंच आहे, गोल.

कळावे. लोभ इथंच आहे, मशीनच्या खोलीत, मंगळवार, गुरुवार, शनिवार.

तुझी,
ताई


८ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र केबिनीत मिळालं. दुपार होती, गाड्यांची रांग होती. एकेक गाडी तोलली, पावत्या दिल्या, हातानं सगळं बरोबर केलं. रांग संपल्यावर टपरीवरून बिस्किटांचे दोन पुडे आणले आणि खिडकी लावून खायला बसलो. चव लागत नव्हती. एक पुडा संपला. दुसरा फोडला आणि अर्ध्यावर थांबलो. का थांबलो ते सांगता येणार नाही. देव दिसला नाही, तुझा आवाज आला नाही. फक्त एवढं कळलं की आता थांबता येतं. उरलेला पुडा हमालाला दिला.

मग वजनं घेऊन काट्यावर गेलो. शंभरावरून उडी मारायला आठ लागली. सत्त्याण्णव. दोन किलो, ताई. पंच्याण्णवला दोनच उरले होते. बराच वेळ तिथंच उभा होतो. मागून गाडीनं हॉर्न वाजवला तेव्हा उतरलो.

मे महिना माझ्या छातीवर आहे आणि राहील. मी तो उतरवायचा प्रयत्न करणार नाही. त्याच्यासकट चालतो. आज पहाटेही चाललो. पाऊलभर पुढं धुकं होतं, काही दिसत नव्हतं, तरी चाललो. देवाला एवढंच म्हटलं की तिला फार तहान लागू देऊ नकोस.

सगळ्यात जास्त लाज मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. तू जानेवारीपासून ये म्हणत होतीस. मी म्हणत राहिलो, किडनी घेऊन येईन, नाहीतर येणार नाही. दहाच्या पटीतला माणूस. पुरती किडनी नाही तर काहीच नाही. या वर्षात तुझ्या किती दुपारी त्या खोलीत माझ्याशिवाय गेल्या, आणि त्या दुपारी तर मला देता आल्या असत्या. त्यांना पंच्याण्णव किलोची अट नव्हती.

मालकांशी बोललो. दर महिन्याला एक आठवडा मला सोडतील, तेवढे दिवस त्यांचा भाचा काटा बघेल. येत्या सोमवारी निघतो. मंगळवारी तुझ्या पाळीला हजर असेन. रिकाम्या हातांनी येतोय. सत्त्याण्णव किलोचा येतोय. त्या खुर्चीत मावेन की नाही माहीत नाही. नाही मावलो तर उभा राहीन.

कळावे. हात हलवत येणाऱ्यावर लोभ असावा.

तुझा,
भोपळ्या


११ नोव्हेंबर

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

हे मी माझ्या हातानं लिहितेय, म्हणून थोडकंच.

खुर्ची तीच आहे. तिचा एक हात सैल झाला होता म्हणून सिस्टर ती बदलणार होत्या, मी बदलू दिली नाही. बसशील. अडकलास तर मला हसायला येईल, आणि मला हसून बरेच दिवस झालेत. पुरता नाहीच मावलास तर अर्धा खुर्चीवर बस आणि अर्धा माझ्या खाटेच्या कडेवर.

येताना काही आणू नकोस. मंगळवारी मी सकाळचं पाणी राखून ठेवीन. सिस्टर त्याचा चहा करून देतात, बिनसाखरेचा, एक कप होतो. अर्धा तू घे, अर्धा मी.

कळावे. अर्ध्या कपात मावेल तेवढा लोभ काढून ठेवलाय. थंड व्हायच्या आत ये.

तुझी,
ताई